रिसीव्हरला झोपू द्या: कमी विजेच्या उपग्रह-रिसीव्हरची पहिली बाराखडी

२०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराच्या बऱ्याच भागात वीज नव्हती. तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ आहेत. हवा होता तो एवढाच एक आकडा, संगणकाच्या भाषेत जेमतेम दोन बाइट. पण मोबाइल बंद, टॉवर बंद. गच्चीवरची डिश आकाशाकडे तोंड करून बसलेली, आणि तिच्या बॉक्सला द्यायला वीज नाही.

एका सेलवर आख्खा पावसाळा ऐकत राहील असा रिसीव्हर करता येईल का, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. बरीच खटपट केल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. रिसीव्हरची वीज वाचते ती निम्मी रिसीव्हरमध्ये आणि निम्मी पाठवणाऱ्याकडे. पाठवणाऱ्याने माहितीचे प्रवाह एकत्र कसे बांधलेत, म्हणजे मल्टिप्लेक्सिंग कसं केलंय, यावर घेणाऱ्याला झोपता येतं की नाही ते ठरतं. डिप्लोमाच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी, आणि टीव्ही-डिश दुरुस्त करणाऱ्या कुणीही, हे स्वतःच्या हाताने करून पाहावं म्हणून हा लेख. थोडी प्रोग्रॅमिंगची ओळख हवी. बाकीचं करता करता येतं.

पायरी १: घरच्या डिशमधला प्रवाह उघडून बघा

सुरुवातीला काही विकत आणू नका. डीडी फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. तो ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. त्यामुळे कोल्हापुरातली डिश आग्नेयेला तोंड करून साधारण ६० अंश वर बघत असते. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी ११,००० मेगाहर्ट्झच्या घरातली लहर घेतो आणि तिच्यातून ९७५० वजा करून खाली आणतो. उदाहरणार्थ ११,०९०ची लहर केबलमधून १३४० होऊन घरात येते. बॉक्समध्ये भरायचा ‘एलओ’चा आकडा तो हाच ९७५०.

एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावर, कितीतरी चॅनेल असतात. ते वेगळे कसे होतात? फ्री-टू-एअर बॉक्समध्ये पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असेल तर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. टीएस प्रकारची फाइल मिळेल. ती हेक्स एडिटरमध्ये (फाइलमधले बाइट सोळाच्या पद्धतीच्या आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि ४७ हा आकडा शोधा. तिथून १८८ बाइट पुढे गेलात की पुन्हा ४७. आणखी १८८, पुन्हा ४७. हे पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघताना होणारा आनंद सांगून कळायचा नाही, म्हणून ही पायरी गाळू नका.

आपल्याकडच्या माणसाला ही रचना दुधाच्या गाडीवरून लगेच समजते. पहाटे पन्हाळ्याकडून, भुदरगडाकडून संघाची गाडी गावोगावच्या संस्थांचे कॅन घेत येते. समजा कॅन सगळे एकाच मापाचे आहेत आणि प्रत्येकावर संस्थेचा नंबर रंगवलाय. धक्क्यावरचा माणूस झाकण उघडत नाही, नंबर वाचतो आणि कॅन ज्या त्या रांगेला लावतो. इथे कॅन १८८ बाइटचा. त्यातले पहिले ४ बाइट म्हणजे बाहेरची रंगरंगोटी, उरलेले १८४ म्हणजे दूध. नंबराला पीआयडी म्हणतात. तो १३ बिटांचा, म्हणजे ० ते ८१९१. शून्य नंबरच्या कॅनमध्ये गाडीची यादी असते: कुठला कार्यक्रम आहे, त्याचा तपशील कुठल्या नंबरात सापडेल. ८१९१ नंबरचा कॅन रिकामा. गाडीचा वेग कायम राहावा म्हणून तो चढवलेला असतो, घेणाऱ्याने तो सरळ बाजूला टाकायचा.

टीएसडक नावाची मोफत प्रणाली ही मोजदाद करून देते. पण माझं म्हणणं, एकदा तरी दहा-पंधरा ओळींचा पायथॉन प्रोग्रॅम स्वतः लिहा. फाइलमधून १८८-१८८ बाइट उचला, दुसऱ्या बाइटचे शेवटचे ५ बिट आणि तिसरा आख्खा बाइट जोडून पीआयडी काढा, आणि कुठल्या नंबरचे किती कॅन आले ते मोजा. वरचे दोन-तीन आकडे बहुधा व्हिडिओचे निघतील.

पायरी २: ‘नळ कुठे बंद करता येईल?’ हा प्रश्न विचारा

आता खरी मेख. वरच्या व्यवस्थेत तुम्हाला एकच रेडिओ चॅनेल ऐकायचं आहे, म्हणजे शंभरातले दोन-तीनच कॅन हवेत. मग वीज शंभरातली दोन-तीन टक्केच लागेल का? नाही. हवा असलेला कॅन कधी येणार हे आधी माहीत नसतं, म्हणून गाडीतला प्रत्येक कॅन उतरवून त्याचा नंबर बघावाच लागतो. एलएनबी चालू, ट्यूनर चालू, लहरीतून बिट काढणारा डिमॉड्युलेटर चालू, चुका दुरुस्त करणारं सर्किट चालू. नको असलेला कॅन फेकल्यावर वाचतो तो फक्त पुढचा चित्र उलगडण्याचा खर्च. एकटा एलएनबीच दीड-दोन वॅट सहज घेतो.

म्हणून कुठलाही प्रवाह बघताना मी मुलांना तीन थर वेगळे करायला लावतो. पहिला थर वारंवारितेचा: प्रत्येक प्रवाहाला वेगळी लहर. नको ती लहर ऐकायचीच नाही, पण दोन प्रवाह एकदम हवे असतील तर दोन रिसीव्हर लागतात. दुसरा थर वेळेचा: प्रत्येक प्रवाहाची वेळ ठरलेली. वेळ माहीत असेल तर मधल्या काळात रेडिओचा मुख्य नळच बंद. तिसरा थर पॅकेटवरच्या नंबराचा, जो आपण आत्ता पाहिला. त्याने रेडिओची वीज वाचत नाही, प्रोसेसरची वाचते. याशिवाय संकेतांचा एक प्रकार आहे. जीपीएसचे सगळे उपग्रह १५७५.४२ मेगाहर्ट्झ या एकाच लहरीवर एकदम बोलतात आणि प्रत्येकाचा १०२३ तुकड्यांचा (त्यांना ‘चिप’ म्हणतात) संकेत वेगळा असतो. पण त्यात हिशेबाचं काम जास्त, म्हणून नवख्याने तो नंतर घ्यावा.

मोबाइलवर टीव्ही दाखवण्यासाठी २००४ साली डीव्हीबी-एच नावाचं मानक आलं. त्यात हीच युक्ती होती: एका चॅनेलची माहिती थेंबथेंब न सोडता एकदम झोतात सोडायची आणि पुढचा झोत कधी येईल तेही सांगायचं. रिसीव्हरच्या रेडिओ-भागाची वीज त्यामुळे नव्वद टक्क्यांपर्यंत वाचवता येत होती. ते मानक बाजारात टिकलं नाही. युक्ती मात्र अस्सल आहे, आणि तीच आपण टेबलावर करणार आहोत.

वेळापत्रक कसं आखावं याचा मला सगळ्यात आवडणारा नमुना पुन्हा जीपीएसचाच. त्याचा संदेश सेकंदाला फक्त ५० बिट वेगाने येतो. ज्या उपग्रहाचा संदेश, त्याची अचूक कक्षा दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगितली जाते, कारण ती ताबडतोब लागते. इतर सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी मात्र तुकड्या-तुकड्यांनी येते आणि पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. निकडीचं वारंवार, सावकाशीचं सावकाश. आपल्या पुराच्या आकड्याला हेच लागू पडतं.

पायरी ३: टेबलावरचा उपग्रह

सामान थोडंच लागतं. एसएक्स१२६२ ही लोरा (कमी विजेत लांब पल्ला गाठणारी रेडिओ-पद्धत) चिप असलेली दोन मॉड्यूल, त्यांना चालवायला दोन मायक्रोकंट्रोलर (ईएसपी३२ चालेल), १८६५० मापाचा एक सेल आणि मिलीअँपिअर नीट दाखवणारा मीटर. लोरा घ्यायचं कारण असं की ऐकताना ही चिप ५ मिलीअँपिअरच्या आसपासच घेते, आणि झोपेत मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी. प्रत्यक्ष उपग्रहांवरही लोरा वापरतात, त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा ठरलेल्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. त्यासाठीचंच मॉड्यूल घ्या, शक्ती सगळ्यात कमी ठेवा, आणि अँटेना जोडल्याशिवाय पाठवणारं मॉड्यूल कधीही चालू करू नका, चिपचा पाठवणारा भाग जळू शकतो.

एक मॉड्यूल उपग्रह, दुसरं रिसीव्हर. उपग्रहाचा फेरा ६० सेकंदांचा. पहिल्या सेकंदाला वेळापत्रक आणि इशाऱ्याचा एक बिट. पुढच्या दोन सेकंदांत बंधाऱ्यावरची पातळी, पाऊस, धरणातून सुटलेलं पाणी असे छोटे आकडे. उरलेल्या सत्तावन्न सेकंदांत एक मोठी फाइल तुकड्या-तुकड्यांनी, जसं की जिल्ह्याचा नकाशा. पहिल्या प्रयोगाला हे आकडे मनाचेच भरा.

प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला प्रवाहाचा नंबर एक बाइट, अनुक्रमांक दोन बाइट, लांबी एक बाइट. शेवटी चूक ओळखायला सीआरसीचे दोन बाइट. नवशिके इथे हौसेने तारीख, वेळ, नावं असं सगळं प्रत्येक पॅकेटमध्ये कोंबतात. तसं करू नका. जे फेऱ्यातून एकदा सांगून भागतं ते वेळापत्रकातच सांगा.

आता लोराचा स्प्रेडिंग फॅक्टर, म्हणजे एसएफ: निरोप वेळेत किती पसरवून पाठवायचा ते ठरवणारा आकडा. हा वाढवला की पल्ला वाढतो आणि वेळही वाढतो, हे सगळे सांगतात. पण किती, ते मोजून बघा. १२५ किलोहर्ट्झ रुंदीवर २० बाइटचं पॅकेट एसएफ९ला साधारण १८५ मिलिसेकंदांत जातं. तेच एसएफ१२ला १.३ सेकंद घेतं. म्हणजे आपल्या एका सेकंदाच्या खणात ते मावणारच नाही, आणि ऐकणाऱ्याची वीज सातपट. टेबलावर एसएफ९ पुरे. एसएफ९ला २०० बाइटचं पॅकेट सुमारे एका सेकंदात जातं. त्यामुळे मोठ्या फाइलचे एका फेऱ्यात पंचावन्न तुकडे, म्हणजे ११ किलोबाइट जातात. ११० किलोबाइटचा नकाशा दहा मिनिटांत.

आणि एखादा तुकडा हुकला तर? रिसीव्हरला परत मागता येत नाही, कारण उपग्रहाकडे बोलायची सोयच त्याच्याकडे नाही. म्हणून उपग्रहाने फाइल गोलगोल फिरवत राहायची आणि रिसीव्हरने ‘कुठले नंबर मिळाले’ याचा तक्ता ठेवून पुढच्या फेऱ्यांत फक्त राहिलेले नंबर उचलायचे. तुकड्याची वेळ नंबरावरून काढता येते, तेवढ्यापुरतंच उठायचं. यापुढची सुधारणा म्हणजे फाउंटन कोड: त्यात कुठले तुकडे मिळाले याला महत्त्व नाही, पुरेसे मिळाले की फाइल जुळते. पण आधी साधा तक्ता चालवा.

पायरी ४: सेलचा हिशेब, आणि तो कुठे चुकतो

१८६५० सेल २५०० मिलीअँपिअर-तासांचा धरू. जागेपणी रेडिओ ५ आणि मायक्रोकंट्रोलर ४०, मिळून ४५ मिलीअँपिअर. सतत ऐकत बसलात तर सेल साधारण ५५ तासांत संपतो. दोन दिवस आणि वर थोडं. पूर त्याहून जास्त दिवस राहतो.

आता रिसीव्हर मिनिटातून पहिले तीनच सेकंद उठू द्या, आणि चुकामूक नको म्हणून वर ०.२ सेकंद राखीव. सरासरी २.४ मिलीअँपिअर. झोपेतले ०.१ धरून २.५. सेल एक हजार तास चालतो, म्हणजे एक्केचाळीस दिवस. आणखी पुढे जा: फक्त पहिला सेकंद ऐकायचा आणि इशाऱ्याचा बिट चढलेला असेल तरच पुढचे दोन सेकंद जागं राहायचं. सरासरी १ मिलीअँपिअरवर येते, २५०० तास. मृग नक्षत्राला सेल बसवला तर कागदावर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुरतो. रेडिओ तोच, सेल तोच, फक्त इशाऱ्याचा एक बिट योग्य जागी ठेवला.

कागदावर म्हटलं ते मुद्दाम. माझा पहिला रिसीव्हर आठ दिवसांत बंद पडला होता. प्रोग्रॅम दोनदा तपासला, पॅकेटं नीट येत होती. शेवटी मीटर लावला तर झोपेत बोर्ड दहा मिलीअँपिअर ओढत होता. बोर्डावरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारा साधा रेग्युलेटर, हे तिघं चिपच्या झोपेत जागे होते. आधीचे २.४ धरून १२.४ मिलीअँपिअरने २५०० भागून बघा, बरोबर आठ दिवस आणि थोडं येतं. म्हणून झोपेतली वीज सगळ्यात आधी मोजा. दिवा काढा, सेलवर थेट चालणारा कमी गळतीचा रेग्युलेटर लावा, किंवा तसा तयार बोर्ड घ्या. चिपच्या माहितीपत्रकातला झोपेचा आकडा हा फक्त चिपचा असतो, बोर्डाचा नसतो.

दुसरी चूक घड्याळाची, आणि ती जास्त शिकवून जाते. ईएसपी३२च्या झोपेतलं आतलं घड्याळ आरसी प्रकारचं, म्हणजे रोधक-संधारकावर चालणारं आहे. तापमानाने ते काही टक्के सरकतं. पाच टक्के धरा: साठ सेकंदांत तीन सेकंद. म्हणजे खण चुकू नये म्हणून तीन सेकंद आधी उठून वाट बघत बसावं लागतं. एका सेकंदाच्या ऐकण्यासाठी तीन सेकंदांचा जागर. त्याऐवजी ३२ किलोहर्ट्झचा क्रिस्टल लावला तर २० पीपीएम (दहा लाखांत वीस) चुकीनेही मिनिटाला फरक पडतो तो १.२ मिलिसेकंदाचा. दहा-वीस रुपयांच्या आतबाहेरचा हा भाग सेलचं आयुष्य कैक पटींनी वाढवतो. शिवाय प्रत्येक फेऱ्यात वेळापत्रकाचं पॅकेट नेमकं कधी आलं ते बघून आपलं घड्याळ जुळवून घ्या, आणि लागोपाठ किती फेरे हुकले त्याप्रमाणे राखीव वेळ वाढवत न्या. दहा फेरे हुकले तर एक पूर्ण मिनिट जागं राहून नव्याने सूर जुळवायचा.

एक प्रश्न मुलं हमखास विचारतात: “सर, मग फेरा पाच मिनिटांचा केला तर सेल आणखी चालेल की!” चालेल. पण इशारा पाच मिनिटं उशिरा कळेल. नदीच्या पातळीला पाच मिनिटं चालतात, ती तासाला इंचांनी चढते. धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप नदीकाठच्या माणसाला हवा असेल तर मला ती चालत नाहीत. फेऱ्याची लांबी विजेच्या हिशेबावरून ठरवू नका, निरोप किती वेळ थांबू शकतो त्यावरून ठरवा.

आणि हे स्पष्ट सांगतो: टेबलावरचं हे यंत्र शिकण्यासाठी आहे. पुरात स्थलांतर करायचं ते प्रशासनाच्या सूचनेवर, घरी केलेल्या बोर्डावर नाही.

पायरी ५: गच्चीवर, खऱ्या उपग्रहाखाली

टेबलावरचं जमलं की खऱ्या उपग्रहाचा प्रवाह घ्या. पूर्वी आम्ही अमेरिकेच्या नोआ या संस्थेचे हवामान उपग्रह ऐकायचो. त्यांच्या एपीटी नावाच्या प्रसारणातल्या चित्रात सेकंदाला दोन ओळी, आणि प्रत्येक ओळीत आधी कॅमेऱ्याच्या एका पट्ट्याचा तुकडा, मग दुसऱ्या पट्ट्याचा. वेळेच्या मल्टिप्लेक्सिंगचा याहून सोपा धडा नव्हता. ते शेवटचे तीन उपग्रह २०२५मध्ये निवृत्त झाले. आता रशियाचे मिटिऑर-एम मालिकेतले एन२-३ आणि एन२-४ आहेत. त्यांचं एलआरपीटी नावाचं डिजिटल चित्रप्रसारण १३७.९ किंवा १३७.१ मेगाहर्ट्झवर असतं.

अँटेना घरीच होते. उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनिअमच्या दोन कांड्या ५३-५३ सेंटिमीटरच्या कापून घ्या, १२० अंशांच्या कोनात व्हीसारख्या आडव्या लावा आणि व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करा. हे उपग्रह ध्रुवांवरून जातात, त्यांची वाट जवळपास उत्तर-दक्षिण असते. केबल आरटीएल-एसडीआरला (यूएसबीवर चालणारा छोटा रेडिओ-रिसीव्हर) आणि तो लॅपटॉपला. सॅटडंप ही मोफत प्रणाली पुढचं सगळं करते. जागा निवडताना पाण्याच्या लोखंडी टाकीपासून आणि एलईडी दिव्यांपासून लांब राहा. राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर जिन्यातला एक बल्ब बंद केला की सिग्नल स्वच्छ व्हायचा. पन्हाळ्याला किंवा जोतिबाच्या डोंगरावर गेलात तर क्षितिज मोकळं मिळतं आणि फेरी आणखी काही मिनिटं पुरते. एक फेरी फार तर पंधरा मिनिटांची असते.

चित्र उमटलं की तिथेच थांबू नका, आतली गाठोडी बघा. सगळ्यात बाहेर १०२४ बाइटची चौकट. तिच्या आरंभी ‘१ए सीएफ एफसी १डी’ ही चार बाइटची खूण, मग ८९२ बाइट मजकूर आणि शेवटी १२८ बाइट चुका दुरुस्तीसाठी. सेकंदाला ७२,००० बिटांच्या वेगाने अशा जेमतेम नऊ चौकटी येतात. चौकटीच्या कपाळावर आभासी चॅनेलचा ६ बिटांचा नंबर. त्यातला ६३ म्हणजे आपल्या ८१९१सारखाच रिकामा कॅन. चौकटीच्या आत पुन्हा पॅकेटं, आणि त्यांच्यावर एपीआयडी नावाचा त्यांचा ११ बिटांचा नंबर. ६४ ते ६९ हे कॅमेऱ्याच्या सहा पट्ट्यांचे नंबर, पण एका वेळी त्यातले तीनच पाठवले जातात, कारण तेवढ्याच वेगात तेवढंच मावतं. ७० नंबरात उपग्रहाच्या स्वतःच्या तब्येतीची माहिती.

पायरी १मध्ये लिहिलेला मोजणीचा प्रोग्रॅम काढा आणि तो या चौकटींवर चालेल असा बदला: १८८च्या जागी १०२४, ४७च्या जागी ती चार बाइटची खूण, पीआयडीच्या जागी आभासी चॅनेलचा नंबर. सॅटडंप चौकटींची फाइल कॅडू या शेपटीने ठेवून देतं, तीच वापरा. एक फेरी सकाळची घ्या आणि एक रात्रीची, चौकटींच्या आतली पॅकेटं उलगडून दोन्हींतल्या एपीआयडींची मोजणी शेजारी-शेजारी लिहा. सूर्यप्रकाशावर चालणारे पट्टे रात्री काळे पडतात. तेव्हा सहातले कुठले तीन पाठवलेत, आणि काळ्या पट्ट्याची पॅकेटं आकाराने किती लहान होतात, ते स्वतः मोजून बघा.